न लागलेलं दही

आमच्या घरात नळाला हात लावायच्या आधी हात धुवावे लागतात, असं माझी नणंद सगळ्यांना सांगत फिरते. येते तीच मुळी दोन्ही हात वर करून, पोलिसांनी पकडल्यासारखी, आणि दारातून ओरडते, ‘‘इन्स्पेक्टर, आत येऊ का?’’ मी हसते. पण साबण पुढे करतेच.

गुंडी झाल्यापासून मी अशी झाले, असं सगळ्यांचं एकमत आहे. गुंडी म्हणजे आमची मुलगी. खरं नाव कागदोपत्री आहे, पण जन्मली तेव्हा इतकी गोल आणि घट्ट होती, की सासूबाई म्हणाल्या, ‘‘अगं, ही तर शर्टाची गुंडी!’’ आणि तेच चिकटलं. आता ती रांगते, कपाटाला धरून उभी राहते आणि हाताला लागेल ते तोंडात घालते: चपलेचा पट्टा, रिमोट, आत्याची वेणी. तिच्या तोंडात जाऊ शकेल असं घरातलं सगळं मी रोज पुसते. म्हणजे घरातलं सगळंच.

यात गंमत अशी, की माझा नवरा दुधाच्या कारखान्यात आहे आणि तिथला दह्याचा विभाग त्याच्या ताब्यात आहे. म्हणजे मी दिवसभर ज्यांना मारते, त्यांना तो दिवसभर पाळतो. त्यांना ऊब देतो, दूध पाजतो, ते नीट वाढतायत ना ते दर तासाला बघतो. संध्याकाळी घरी आला की म्हणतो, ‘‘माझी पोरं बाहेर चपलांपाशी बसवून आलोय, घाबरू नकोस.’’

‘‘तुझी पोरं चांगल्या वळणाची असतील,’’ मी म्हणते, ‘‘बाकीच्यांचं काय?’’

‘‘बाकीच्यांनाही चारचौघांसारखंच राहायचं असतं गं. बहुतेकांना तुझ्याशी काही घेणंदेणं नसतं.’’

मला ते पटत नसे. मी कॉलेजात शिकलेली आहे. अर्थशास्त्र शिकले हे खरं, पण वाचता येतं. आणि मुलं झाल्यावर बायका जेवढं वाचतात तेवढं कॉलेजात कुणी वाचत नाही.

गुंडीला ताप आला तो असा कशाचं काही कारण नसताना. सर्दी नाही, खोकला नाही, नाक कोरडं. औषध दिलं की उतरायचा, गुंडी खेळायला लागायची, आम्ही सुटकेचा श्वास टाकायचो, की पुन्हा कपाळ चटका द्यायचं. सासूबाई म्हणाल्या दात येत असतील. नणंद म्हणाली हवा बदलतेय. मी मात्र गुंडीकडे बघत बसले. मला दुसरं येतं काय? बघता बघता एक लक्षात आलं. खेळता खेळता ती मध्येच थांबायची, चेहरा आवळायची, एक बारीक कळवळल्यासारखा आवाज काढायची. आणि त्यानंतर लगेच लंगोट ओला.

मुलांच्या डॉक्टरांकडे गेलो तेव्हा मी हे सांगितलं. डॉक्टर म्हणजे पन्नाशीच्या, चष्मा डोक्यावर ठेवून तो शोधणाऱ्या बाई. त्यांनी कान बघितले, घसा बघितला, पोट दाबलं. मग चष्मा सापडला.

‘‘हे तुम्ही सांगितलंत ते फार बरं झालं. एवढ्या लहान मुलींना लघवीच्या जागी संसर्ग झाला तर बोलता येत नाही ना, नुसता ताप दिसतो. लघवी तपासू या.’’

‘‘संसर्ग म्हणजे गंभीर असतो का हो?’’

‘‘वेळेत सापडला तर साधा. औषध दिलं, गेला. नाही सापडला आणि वर वर चढत गेला, तर मूत्रपिंडावर डाग राहू शकतो. म्हणून आपण आधी शोधू.’’

मूत्रपिंडावर डाग. मी कपड्यांवरचे डाग काढणारी बाई. हा डाग कुठल्या साबणाने निघणार होता?

त्यांनी मग नीट समजावून सांगितलं. लघवीचा एक थेंब घेऊन तो जंतूंचं खाद्य घातलेल्या एका बशीवर पसरतात आणि बशी उबेत ठेवतात. थेंबात बॅक्टेरिया असले तर ते खातात, एकाचे दोन, दोनाचे चार होतात, आणि दुसऱ्या दिवशी बशीवर ठिपके दिसतात. मग त्या ठिपक्यांवर कुठलं औषध लागू पडतं तेही बघता येतं.

‘‘म्हणजे विरजण लावल्यासारखंच,’’ नवरा म्हणाला.

‘‘तुम्ही दह्याचे ना? हो, तसंच,’’ डॉक्टर हसल्या. ‘‘आणि व्हायरस असेल तर बशीवर काही उगवत नाही. त्याला जगायला जिवंत पेशी लागते. तेव्हा आधी नमुना, मग औषध. उलटं नको. औषध आधी गेलं तर बशीवर काही उगवणार नाही आणि आपण अंधारात राहू. पोरगी खातेय, खेळतेय, तेवढी वाट बघू शकतो.’’

तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत खिडकीमागे एक किरकोळ अंगाच्या बाई होत्या. त्यांनी झाकण लावलेली, प्लास्टिकमध्ये बंद केलेली एक डबी पुढे सरकवली.

‘‘डबी निर्जंतुक आहे. झाकण ऐन वेळेलाच उघडायचं. मुलीला साध्या पाण्याने पुसून घ्या आणि मधली धार पकडा.’’

‘‘एवढ्या लहान मुलीची मधली धार कशी पकडायची?’’

‘‘नशिबाने,’’ बाई म्हणाल्या आणि पुढच्या माणसाकडे वळल्या.

घरी येईपर्यंत ती डबी पिशवीत होती. पिशवीत किल्ल्या होत्या, सुटे पैसे होते, गुंडीचं चघळलेलं खेळणं होतं. वरचं प्लास्टिक एका कोपऱ्यात फाटलेलं दिसलं. डबीवर निर्जंतुक लिहिलंय खरं, पण आता राहिलीय का? बाहेरचा एखादा जंतू आत गेला तर तो गुंडीच्या नावावर जमा होणार आणि तिला उगाच औषधं खावी लागणार. मी इतकी वाट बघून, इतकं नेमकं सांगून आलेली. नमुनाही तितकाच नेमका द्यायचा होता. मी झाकण उघडलं, कपाटातून जंतुनाशकाची बाटली काढली, डबीत झाकणभर ओतलं, सगळीकडून फिरवलं, ओतून दिलं. पाण्याने खंगाळणार होते, पण हात थांबला. नळाच्या पाण्यातून पुन्हा काही गेलं म्हणजे? नुसती झटकली आणि झाकण लावून टाकलं. गुंडीलाही साध्या पाण्याऐवजी त्याच औषधाच्या पाण्याने पुसलं. म्हटलं, आता कुणी बोट दाखवायला नको.

मग सुरू झाला तो तमाशा. गुंडी मोरीच्या कट्ट्यावर उघडी, मी डबी धरून गुडघ्यावर, सासूबाई नळ बारीक सोडून ‘‘शूऽऽ’’ करतायत, नवरा पाण्याची बाटली तोंडाला लावतोय.

नणंद दारातून म्हणाली, ‘‘दादा, एवढी माणसं बघत असली तर मलाही होणार नाही.’’

‘‘तू गप्प बस.’’

‘‘मी बाहेर जाते. वहिनी, तुलाही सुचवते.’’

गुंडी सगळ्यांकडे आळीपाळीने बघत होती, जणू पाहुण्यांना काहीतरी करून दाखवायची पाळी तिचीच आहे हे तिला कळलं होतं. शेवटी आम्ही सगळे कंटाळून दुसरीकडे बघायला लागलो आणि तेवढ्यात धार आली. मी डबी पुढे केली. अर्धी डबीत, अर्धी माझ्या बाहीवर. सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या. गुंडीनेही वाजवल्या.

निकाल आला. ‘जंतूंची वाढ आढळली नाही.’

मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. डॉक्टर म्हणाल्या, लघवीत पू-पेशी बऱ्याच दिसल्या, पण बशीवर काही उगवलं नाही, आणि पू-पेशी कधी कधी नुसत्या तापातही दिसतात. म्हणजे बहुतेक व्हायरसच. ‘‘व्हायरसवर अँटिबायोटिक चालत नाही. तो आपला आपण जाईल. पाणी पाजत राहा, लक्ष ठेवा.’’

‘‘मग औषधच नाही?’’ घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या. ‘‘एवढी फी घेऊन औषध नाही? एखादं जालीम काहीतरी लिहून द्यायला काय झालं होतं?’’

मी म्हटलं, ‘‘आई, जालीम औषध बॅक्टेरियासाठी असतं. व्हायरसला त्याचं काही नाही. उगाच दिलं तर पोटातले चांगले बॅक्टेरिया मरतात आणि उरलेले निर्ढावतात. मग खरी गरज पडेल तेव्हा औषध लागू पडत नाही.’’

‘‘मला सांग, दोघेही जंतूच ना? मग एवढा भेदभाव कशाला?’’

नवऱ्याने ताटावरून मान वर केली. त्याचा आवडता विषय निघाला होता. ‘‘आई, बॅक्टेरिया म्हणजे एका खोलीचं बिऱ्हाड समज. लहान, पण स्वतःची चूल, स्वतःचा संसार. खातो, वाढतो, एकाचे दोन होतो. अँटिबायोटिक त्याच्या भिंती पाडतं नाहीतर चूल विझवतं. व्हायरसला घरच नाही. तो म्हणजे नुसती एक चिठ्ठी, पाकिटात घातलेली. दुसऱ्याच्या घरात शिरतो आणि त्याच्याच चुलीवर स्वतःसारखी हजार पाकिटं तयार करून घेतो. त्याची भिंत कुठली पाडणार?’’

‘‘म्हणजे तुझ्या मामासारखा,’’ सासूबाई म्हणाल्या.

‘‘अगदी. आणि आमच्या दह्याच्या बॅक्टेरियांनाही व्हायरस होतो बरं का. आला की अख्खी टाकी बसते. दूध तसंच्या तसं, पाणचट.’’

‘‘बॅक्टेरियांना सर्दी?’’ नणंद म्हणाली. ‘‘शिंकतात का?’’

जेवताना आम्ही खूप हसलो. मला हलकं वाटत होतं. मी नीट बघितलं, नीट सांगितलं, नमुना नीट दिला, औषधासाठी हट्टही धरला नाही. सगळं पुस्तकात असतं तसं.

फक्त ताप गेला नाही.

तो परत आला तेव्हा आधीपेक्षा जोरात आला. गुंडीने केळं थुंकून टाकलं. कपाटाला धरून उभी राहिली आणि लगेच खाली बसली. आणि ते कळवळणं होतंच. डॉक्टरांना फोन केला. त्या म्हणाल्या, ‘‘सकाळीही ताप असला तर दोघं तिला घेऊन या. दाखल करून घेऊ. रक्त काढू, छातीचा फोटो काढू, पहिल्यापासून शोधू. लघवी तर स्वच्छच आली, म्हणजे दुसरीकडे कुठेतरी बघायला हवं.’’

सकाळी ताप होता. नवरा पहाटेच कामावर गेला होता. आदल्या दिवशी कारखान्यात काहीतरी घोळ झाला होता आणि त्याचा फोन, नेहमीप्रमाणे, आत न्यायला मनाई म्हणून कपाटात बंद. कारखाना दवाखान्याच्या वाटेवरच. टॅक्सी फाटकापाशी थांबवली, गुंडीला सासूबाईंच्या मांडीवर दिलं. तिने मान त्यांच्या खांद्यावर टाकली ती उचलली नाही. एरवी मी दिसेनाशी झाले की ती घर डोक्यावर घेते.

मी धावतच आत गेले. पहारेकऱ्याने मला तपासणीच्या खोलीकडे पाठवलं.

ती खोली मी आधी एकदाच पाहिली होती. पांढऱ्या फरशा, स्टीलचं लांब टेबल, भिंतीतल्या काचेपलीकडे उभ्या उंच टाक्या. हवेत कोमट, आंबूस वास. टेबलावर काचेच्या तीन बरण्या होत्या. नवरा डोक्यावर कागदी टोपी घालून उभा होता आणि त्याच्यासमोर निळ्या झग्यातली एक वयस्क बाई, रबरी मोजे हातात चुरगाळत. तिचे डोळे लाल होते.

‘‘अरे, चल ना! गाडी उभी आहे. दाखल करायचंय तिला.’’

त्याचा चेहरा उतरला. ‘‘आलोच. एवढं सांगतो नि येतो, नाहीतर यांच्यावर उगाच बालंट येईल.’’ तो त्या बाईकडे वळला. ‘‘मावशी, रडू नका. इकडे बघा. काल टाकीत दही लागलं नाही. ही ती बरणी.’’ त्याने पहिली बरणी वाकडी केली. दूध पाण्यासारखं डचमळलं. ‘‘मला आधी वाटलं, एखाद्या आजारी गाईचं औषध दुधात उतरलं. नाहीतर विरजणाला व्हायरस लागला. म्हणून तेच दूध, तेच विरजण घेऊन ही दुसरी बरणी लावली.’’ त्याने दुसरी बरणी सरळ उलटी केली. आतलं दही हललंसुद्धा नाही. ‘‘घट्ट. म्हणजे दूध चांगलं, विरजण जिवंत. मग ही तिसरी. तेच दूध, तेच विरजण, पण टाकी रिकामी करून तुम्ही पुन्हा धुतलीत तेव्हा तळाला जे थेंब उरले, ते यात आधी टाकले.’’

तिसरी बरणी पहिलीसारखीच डचमळली.

‘‘म्हणजे दोष टाकीत. काय होतं टाकीत?’’

‘‘काही नव्हतं हो साहेब,’’ मावशी म्हणाली. ‘‘चकाचक होती. मी कामाला नवीन आहे, म्हणून सगळ्यांपेक्षा जास्त घासली. ते जंतू मारायचं औषध दोनदा फिरवलं.’’

‘‘आणि नंतर पाणी?’’

‘‘पाणी कशाला? धुतलेल्या टाकीत पुन्हा पाण्यातून घाण जाईल ना.’’



ते वाक्य माझं होतं. शब्द जरा इकडचे तिकडे, पण माझं. त्या बाईने मोजे चुरगाळले होते तसे मी माझ्या ओढणीचे पदर चुरगाळत होते. मला मोरीचा कट्टा दिसला, झाकणभर पिवळसर औषध दिसलं, झटकलेली डबी दिसली. डबीच्या आत बारीक थेंब चिकटले होते. मी ते पाहिले होते आणि मला ते छान वाटले होते.

‘‘अरे,’’ मी म्हटलं, ‘‘डबी.’’

‘‘कसली डबी?’’

‘‘गुंडीची. नमुन्याची. मी ती जंतुनाशकाने धुतली. नंतर खंगाळली नाही. तिलाही त्यानेच पुसलं.’’

त्याने त्या तिसऱ्या बरणीकडे बघितलं. मग हळूच टोपी काढली.

‘‘निकाल स्वच्छ आला,’’ मी म्हणत होते, ‘‘कारण मी... ते होते रे तिथे, ते होते, मीच मारले, डबीतले मारले, तिच्यातले तसेच राहिले...’’

‘‘चल,’’ तो म्हणाला. दारातून वळून मावशीला म्हणाला, ‘‘तुम्ही जायचं नाही कुठे. ही चूक घासण्याची नाही. खंगाळायचं तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. मी आल्यावर बोलतो साहेबांशी.’’

टॅक्सीत मी गुंडीला घेतलं. ती निखाऱ्यासारखी होती. सासूबाईंना काय झालं ते सांगितलं. मला वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार. त्यांनी गुंडीचं झबलं सारखं केलं आणि म्हणाल्या, ‘‘आता ड्रायव्हरला सांग जोरात घे म्हणून. तू सांग, तुझा आवाज मोठा आहे.’’

डॉक्टर सगळं ऐकत होत्या तेव्हा चष्मा डोक्यावर होता आणि त्यांनी तो शोधला नाही.

‘‘झाकणभर?’’

‘‘झाकणभर.’’

‘‘हं.’’ त्यांनी खुर्ची मागे सरकवली. ‘‘पू-पेशी म्हणजे लढायला आलेलं सैन्य. सैन्य एवढं मोठं आणि शत्रूचा पत्ता नाही, हे मला खटकलं होतं. पण कागदावर स्वच्छ लिहिलेलं होतं आणि मी ते व्हायरसच्या खात्यात बसवून टाकलं. डबीत काय घातलंत, हे मी विचारायला हवं होतं. बरं झालं, आज आलात आणि हे घेऊन आलात.’’

‘‘माझ्यामुळे उशीर झाला का हो?’’

‘‘उशीर झाला असता, तुम्ही हे अजून आठवडाभर मनात ठेवलं असतं तर. आता रडायचं असेल तर दोन मिनिटं रडून घ्या, मग तिचे पाय धरायला या. या वेळी आम्ही घेणार नमुना.’’

परिचारिकेने साध्या, निर्जंतुक पाण्याने पुसलं आणि एक केसासारखी बारीक नळी आत घातली. गुंडी किंचाळली. मी तिचे पाय धरले होते. तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की तू यांच्यात सामील? मी म्हटलं, ‘‘हो गं बाई, मी यांच्यात सामील.’’ नळीतून डबीत थेंब पडले. गढूळ होते. डबीला मी बोट लावलं नाही. हात मागे बांधून उभी राहिले, शाळेत उभं करतात तशी.

डॉक्टरांनी एक कागदी पट्टी लगेच बुडवून बघितली. तिचा रंग पालटला. ‘‘हे बघा, इथेच चाहूल लागते. बशी उद्या सांगेल नाव. पण नमुना हातात आला, आता थांबायचं कारण नाही.’’ आणि मग, नमुन्यानंतरच, गुंडीच्या हाताच्या शिरेतून औषधाचा पहिला डोस गेला.

दुसऱ्या दिवशी गुंडी वरच्या मजल्यावर आत्याच्या मांडीवर झोपली होती तेव्हा मी तळमजल्यावर खिडकीपाशी गेले. त्या किरकोळ अंगाच्या बाईंनी मला ओळखलं. बहुधा सगळ्या इमारतीने ओळखलं असणार.

‘‘बघायचंय?’’ त्या म्हणाल्या, आणि काचेआडूनच झाकण लावलेली एक सपाट बशी उचलून धरली.

बशीभर ठिपके होते. गोल, फिकट, एकमेकांना खेटून बसलेले, रांगोळी काढायच्या आधी ठिपके टाकावेत तसे, पण कुणी घाईघाईत टाकल्यासारखे दाट. गुंडी झाल्यापासून मी ज्यांच्या मागे हात धुऊन लागले होते ते मला पहिल्यांदा दिसत होते.

‘‘वाढलेत!’’ मी ओरडले. ‘‘वाढलेत हो!’’

बाकावर बसलेली माणसं वळून बघायला लागली. जंतू वाढले म्हणून एवढी खूष झालेली बाई त्यांनी पाहिली नसावी. एक आजोबा शेजाऱ्याला म्हणाले, ‘‘पास झाली वाटतं पोरगी.’’

‘‘कुठून आले असतील हो?’’ मी बाईंना विचारलं. ‘‘माझ्याकडून स्वच्छता कमी पडली का?’’

‘‘तुमच्याकडून?’’ त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. ‘‘अहो, हा तिचाच रहिवासी. आतड्यात असतो सगळ्यांच्या. तिथे गुण्यागोविंदाने राहतो. चुकून शेजारच्या गल्लीत शिरला, की धिंगाणा घालतो. आणि मुलींची ती गल्ली आखूड असते. फरशी पुसून तो अडत नाही.’’

पुढच्या दिवशी त्यांनी दुसरी बशी दाखवली. तिच्यावर औषधात भिजवलेल्या कागदाच्या छोट्या टिकल्या ठेवल्या होत्या. काहींना जंतू अगदी अंगाशी येऊन चिकटले होते, जणू ते औषध नव्हतंच. पण एका टिकलीभोवती मोठं, स्वच्छ, मोकळं वर्तुळ होतं. एकही ठिपका नाही. ‘‘हेच औषध तिला चालू आहे,’’ बाई म्हणाल्या. मी त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले. रिकामी जागा खरी असली की कशी दिसते, ते मला तिथे कळलं.

पण ते सांगायला बशीची गरज उरली नव्हती. सकाळीच गुंडीने आत्याची वेणी धरून ओढली होती, कुस्करलेला बटाटा खाल्ला होता आणि चमचा परिचारिकेच्या पायावर टाकला होता. कपाळ गार होतं. मी हात ठेवला, मग गाल ठेवला, मग पुन्हा हात.

‘‘वहिनी, तिला पॉलिश करतेयस का?’’ नणंद म्हणाली.

पोटाच्या सोनोग्राफीत दोन्ही मूत्रपिंडं नीट दिसली. डॉक्टर म्हणाल्या, ‘‘सुरेख आहेत. पुन्हा विनाकारण ताप आला तर लगेच आणायचं, एवढं लक्षात ठेवा. तुम्हाला वेगळं सांगायला नको म्हणा.’’

घरी पाठवताना औषध तोंडावाटे द्यायला लावलं आणि बजावलं, की बरी दिसली तरी मध्येच बंद करायचं नाही, सांगितलंय तोवर पुरं करायचं. सासूबाईंनी ते स्वतःकडे घेतलं. प्रत्येक वेळी चमचा पुढे करताना त्या गुंडीला सांगत, ‘‘घे, भिंती पाडायचं औषध. मामाला नाही चालत हे.’’

कारखान्यात मावशी राहिली. नवऱ्याने साहेबांपुढे तिन्ही बरण्या मांडल्या आणि सांगितलं, की नव्या माणसाला औषध फिरवायला शिकवलं आणि खंगाळायला शिकवलं नाही, ही चूक शिकवणाऱ्याची, म्हणजे त्याची स्वतःची. आता प्रत्येक टाकीवर ठळक अक्षरांत लिहिलंय: औषधानंतर पाणी. ‘‘मावशी सगळ्यांत कडक,’’ तो म्हणाला. ‘‘कुणी खंगाळायला विसरलं तर अख्ख्या कारखान्याला ऐकू जातं. तुम्हा दोघींची ओळख करून द्यायला हवी.’’

‘‘झालीय आमची ओळख,’’ मी म्हटलं.

औषध संपल्यावर डॉक्टरांनी अजून एकदा लघवी तपासायला सांगितली. ‘‘खरं तर गरज नाही, पोरगी ठणठणीत आहे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पण तुमच्यासाठी. नाहीतर तुम्ही झोपायच्या नाही.’’ मी नाही म्हटलं नाही.

पुन्हा खिडकी, पुन्हा बंद डबी. बाईंनी ती माझ्या हातात देताना क्षणभर सोडलीच नाही.

‘‘काही घालणार नाही ना आत?’’

‘‘लघवीशिवाय काही नाही.’’

या वेळी मी डबी वेगळ्या पिशवीत, एकटीच ठेवून आणली. मोरीच्या कट्ट्यावर गुंडीला बसवलं, साध्या पाण्याने पुसलं. नळ बारीक सुरू. सासूबाई दारात, नवरा त्यांच्यामागे, नणंद त्याच्या खांद्यावरून डोकावत. जंतुनाशकाची बाटली कपाटात होती. कपाटाचं दार अर्धवट उघडं होतं आणि मला ती दिसत होती. हात शिवशिवले, खोटं कशाला बोलू.

‘‘तिकडे बघू नकोस,’’ नवरा म्हणाला.

‘‘मी गुंडीकडे बघतेय.’’

आणि खरंच बघत होते. ती थांबली. तिने चेहरा आवळला नाही. कळवळली नाही. माझ्या नाकाला हात लावला, खुदकन हसली आणि हसता हसताच धार सोडली, जशी कुणीही सोडतं, दुखण्याबिखण्याची काही आठवण नसल्यासारखी. मी झाकण उघडलं, डबी धरली, झाकण लावलं. बाहीवर पडलं ते पडलं.

निकाल नवरा घेऊन आला. त्याने कागद माझ्यापुढे धरला. तेच वाक्य होतं, तीच छापील अक्षरं, पहिल्या वेळी मी पुन्हा पुन्हा वाचलेली: ‘जंतूंची वाढ आढळली नाही.’

मी एकदाच वाचलं.

‘‘इन्स्पेक्टर, आत येऊ का?’’ दारातून नणंद ओरडली, दोन्ही हात वर. गुंडी कपाट सोडून तिच्याकडे वळली, हात न धरता, एक पाऊल, मग दुसरं, आणि जमिनीवर बसली. आत्याने हात वर तसेच ठेवून खाली गुंडीकडे पाहिलं.

‘‘ये ना,’’ मी म्हटलं. ‘‘हात नंतर धू. आधी तिला घे.’’